चुकून दुसऱ्याच्या खात्यात गेलेले पैसे

पूर्वी पैसे पाठवायचे म्हणजे मनीऑर्डर. फॉर्मवर नाव, गल्ली, गाव सगळे लिहायचे. पोस्टमन घर शोधत यायचा, 'आप्पा आहेत का घरात?' म्हणून विचारायचा आणि सही किंवा अंगठा घेऊन पैसे हातात मोजून द्यायचा. दिवस लागत, पण पैसे सहसा भलत्याच्या हाती पडत नसत, कारण पोस्टमन माणूस ओळखत असे. बँकेचा संगणक आकडा ओळखतो.

बीदर, भालकी, बसवकल्याणच्या वाचकांना आमचे गौलीगुडा नवीन नाही. इमलीबनचे महात्मा गांधी बसस्थानक होण्याआधी हैदराबादचा मोठा बस स्टँड इथेच होता. त्याची जुनी शेड जुलै २०१८ मध्ये कोसळली. विवेकवर्धिनीसारख्या मराठी संस्थांमुळे आपल्याकडची मुले या भागात शिकायला येत आली आहेत. त्यांच्या फीचे पैसे एके काळी गावाहून बसने येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर यायचे. आता ते मोबाईलवरून येतात आणि कधी कधी येतच नाहीत!

आमच्याच घरातली गोष्ट सांगते. जून २०२४ मध्ये भालकीहून माझ्या मावसभावाने त्याच्या मुलीच्या फीसाठी ४२,५०० रुपये माझ्या खात्यात पाठवले. ती आमच्याकडेच राहून शिकते. त्याच्या मोबाईलवर 'पैसे जमा' असा संदेश आला, पण माझ्या खात्यात काहीच नाही. दोन दिवस आम्ही 'येतील, येतील' म्हणत वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी आकडे ताडून पाहिले तेव्हा उलगडा झाला. माझा खाते क्रमांक मावशीच्या वहीत मराठी आकड्यांत लिहिलेला होता. तो मोबाईलवर घातला शेजारच्या कानडी माध्यमातल्या मुलाने. त्याने मराठी १ हा इंग्रजी नऊ समजून वाचला. वहिनीचा फोन आला, "रोक्का होत्री, अक्का!" पैसे गेले हो! फी भरायची मुदत चार दिवसांवर होती. शेवटी भिशीतून उचल घेऊन ती भरली.

आपल्या दुभाषी घरांत ही चूक कुठेही होऊ शकते. मराठी १ इंग्रजी नवासारखा दिसतो. कानडीतला एक तर जवळजवळ शून्यासारखा गोल असतो. आजोबा एका लिपीत लिहितात, नातू दुसरीत वाचतो. म्हणून खाते क्रमांक वहीतून उतरवू नये, पासबुकावरूनच घ्यावा.

चुकीचा क्रमांक कुठल्याच खात्याचा नसेल तर काळजी नको. एनईएफटीचे असे पैसे समोरच्या बँकेला परत पाठवावेच लागतात. पंचाईत होते ती त्या क्रमांकाचे खाते खरोखर असले की. 'पण नाव तर बरोबर घातले होते ना?' असे माझा भाऊ बँकेत विचारत राहिला. रिझर्व्ह बँकेच्या १४ ऑक्टोबर २०१० च्या परिपत्रकाप्रमाणे अशा व्यवहारात केवळ खाते क्रमांकावरून पैसे जमा करता येतात, आणि क्रमांक बरोबर देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची असते.

पहिल्या दिवशी शाखेत त्याला 'आता काही होणार नाही' असे उत्तर मिळाले. वाचकहो, तोंडी उत्तरावर घरी परतू नका. लेखी अर्ज द्या. त्यात तारीख, रक्कम, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, बरोबर आणि चुकीचे असे दोन्ही खाते क्रमांक लिहा. बरोबर खात्याच्या पासबुकाची झेरॉक्स जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. जितक्या लवकर जाल तितके बरे, कारण समोरच्याने पैसे काढून खर्च केले की काम अवघड होते.

अर्ज गेल्यावर आपली बँक समोरच्या बँकेला कळवते आणि ती बँक आपल्या खातेदाराला विचारते. त्याने संमती दिली की पैसे परत येतात. त्याला न विचारता बँक सहसा त्याच्या खात्याला हात लावत नाही. त्याचे नाव, पत्ता, फोन आपल्याला मिळत नाही. हे ऐकून राग येतो, पण उद्या कोणी आपल्या खात्याबद्दल खोटाच दावा केला तर? हाच नियम आपलेही रक्षण करतो.

आमच्या प्रकरणातले खातेदार दुसऱ्या जिल्ह्यातले निघाले. त्यांनी कित्येक दिवसांत पासबुक भरूनच घेतले नव्हते. त्यांच्या शाखेतून फोन गेला, ते येऊन सही करून गेले आणि तेविसाव्या दिवशी पैसे परत आले. त्या गृहस्थांचे नाव आम्हाला आजही माहीत नाही.

सगळेच असे नसतात. पैठण तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या जनधन खात्यात ऑगस्ट २०२१ मध्ये ग्रामपंचायतीचे १५ लाख रुपये चुकून जमा झाले. सरकारनेच दिले असे समजून त्याने सुमारे नऊ लाख काढून घर बांधले. काही महिन्यांनी बँकेने पैसे परत मागितले. आमच्या हैदराबादेत एप्रिल २०२२ मध्ये स्टेट बँकेच्या एका शाखेतून दलित बंधू योजनेचे दीड कोटी रुपये एका रुग्णालयातल्या १५ कर्मचाऱ्यांच्या खात्यांत गेले, प्रत्येकी दहा लाख. चौदा जणांनी परत केले. एकाने त्यातून कर्ज फेडले आणि प्रकरण पोलिसांत गेले.

'माझ्या खात्यात आले, म्हणजे माझे' असे कायदा मानत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ७२ सांगते, की चुकून मिळालेले पैसे परत केलेच पाहिजेत. समोरचा ऐकत नसेल तर वकिलाची नोटीस देऊन दिवाणी दावा करता येतो. त्यासाठी चूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. जाणूनबुजून पैसे लाटले तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३१४ लागू शकते. बँकेनेच अर्जावर हालचाल केली नाही आणि ३० दिवस उलटले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. मात्र लोकपाल बँकेची हयगय पाहतो, आपली चूक भरून देत नाही.

आता दुसरी बाजू. आपल्याच खात्यात अनोळखी पैसे आले तर? 'चुकून पाठवले, लगेच या नंबरवर परत करा' असा फोन आला तर घाई करू नका. पुष्कळदा पैसे आलेलेच नसतात, नुसता खोटा संदेश असतो. आधी पासबुक किंवा खात्यातली शिल्लक पाहा. पैसे खरेच आले असतील तर आपल्या शाखेत लेखी कळवा आणि बँकेमार्फतच परत करा. फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. हा क्रमांक फसवणुकीसाठी आहे, साध्या चुकीसाठी बँकेतच जावे.

एक चांगला बदल झाला आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे १ एप्रिल २०२५ पर्यंत बँकांनी एनईएफटी आणि आरटीजीएससाठी खातेदाराचे नाव आधी दाखवण्याची सोय करायची होती. मोबाईलवर, तसेच शाखेतही ती विनामूल्य आहे. खाते क्रमांक आणि आयएफएससी घातला की नाव दिसते. ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. आपल्याकडे कुणाचे नाव आद्याक्षरांनी सुरू होते, कुणाचे आडनावाने. तेव्हा ज्याला पैसे पाठवायचे त्याचे नाव बँकेत कसे नोंदले आहे हे एकदा विचारून घ्यावे. रक्कम मोठी असेल तर आधी शंभर रुपये पाठवावेत, 'मिळाले' असा फोन आल्यावर बाकीचे.

आणि घरातल्या मुलांना तेवढेच सांगून ठेवावे, जे आपल्या कानडी आज्ज्या सांगत आल्या, 'परर वस्तु पाषाण.' दुसऱ्याची वस्तू विषासमान. आमच्या भाचीची फी भिशीचे हप्ते न थकता निघाली, ती एका अनोळखी माणसाने हे पाळले म्हणून.