स्वस्त सोफा कोणाला महाग पडतो?

बुलडाणा जिल्ह्यातल्या आपल्या वस्त्यांत आज नवे घर झाले की समोरच्या खोलीत सोफा येतो. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली सोफा. यावर हसणारे पुष्कळ आहेत. 'खायला नाही आणि बसायला गादी', असे ते म्हणतात. या हसणाऱ्यांना बसण्याच्या जागेचा इतिहास ठाऊक नसतो, किंवा तो आठवायचा नसतो. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना वर्गाच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसावे लागे. शाळेचा नोकर त्या गोणपाटाला हात लावीत नसे, म्हणून ते रोज घरी न्यावे आणि दुसऱ्या दिवशी परत आणावे लागे. पाटलाच्या ओट्याखाली, जमिनीवर, उकिडवे बसणे हा ज्यांच्या पिढ्यांचा रिवाज होता, त्यांच्या घरात चार पायांचे आसन येणे ही साधी खरेदी नव्हे. म्हणूनच ती डोळसपणे व्हायला हवी. आपल्या माणूसपणाच्या भुकेवर बाजार नफा कमावतो, हे आपण कधी ध्यानात घेणार?

माझेच उदाहरण देतो. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. माझे वडील सालदार होते. नेट-सेट झाल्यावर तासिका तत्त्वावर महाविद्यालयात शिकवू लागलो आणि पहिल्या वर्षीच तालुक्याच्या गावातून नऊ हजारांचा सोफा आणला. वरचे कापड मखमली, आतले काही दिसत नव्हते. बा त्यावर बसेनात. दाराच्या चौकटीला टेकून म्हणाले, "मी खालीच बराय. माह्या वजनानं मोडन तो." मला वाईट वाटले. ही जुन्या गुलामीची सवय आहे असे समजून मी त्यांना दोन शब्द सुनावलेही. दुसऱ्या पावसाळ्यात सोफ्याची खालची फळी फुगली, पिना सुटल्या आणि एक बाजू खचली. बांनी आयुष्यभर बाभळीचे वखर आणि तिफणी हाताळल्या होत्या. त्यांच्या बोलण्यात मला लाचारी दिसली होती. तिच्यात मालाची पारख होती, हे मला फार उशिरा कळले.

आता हिशेब पाहू. आकडे समजण्यापुरते धरले आहेत. नऊ हजारांचा सोफा तीन वर्षे टिकला, तर वर्षाला तीन हजार पडले. सत्तावीस हजारांचा पंधरा वर्षे टिकला, तर वर्षाला अठराशे. पंधरा वर्षांत स्वस्तवाल्याने पाच सोफे घेतले आणि ४५,००० रुपये घातले, महागवाल्याने २७,०००. मधले १८,००० रुपये कशाचे? एकाच दिवशी हातात सत्तावीस हजार नसण्याचे. गरिबीची ही पट्टी आहे. ती कोणी वसूल करताना दिसत नाही, पण ती भरावी लागते.

मग हप्त्याने चांगला सोफा का घेऊ नये? याचेही गणित करू. तीन हजार रोख दिले आणि २४,००० उरले. दुकानदार म्हणतो, बारा टक्के व्याज, बारा हप्ते. व्याज २,८८०, हप्ता २,२४०. पण आपण दर महिन्याला मुद्दल फेडत असतो आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण चोवीस हजारांवर लावलेले असते. त्यामुळे खरा दर सुमारे साडेएकवीस टक्के होतो. तरीही एकूण खर्च २९,८८० रुपये, म्हणजे पाच स्वस्त सोफ्यांपेक्षा कमीच. कायम पगार असणाऱ्याला हे परवडते. पण तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला उन्हाळ्यात तासिका नसतात, आणि झालेल्या तासिकांचे पैसेही महिनोन्महिने अडकतात. शेतमजुराला पावसाळा संपेपर्यंत आणि कापूस वेचणीला येईपर्यंत हातात रोकड कमीच. हप्ता मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेला येतो. हप्ता हुकला की दंड, आणि दंड भरायला हातउसने. चांगला सोफा असा वाईट होतो.

हे केवळ आपलेच दुखणे नाही. डेव्हिड कॅप्लोविट्झ या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कमधील गरिबांच्या वसाहतींतील कुटुंबे फर्निचर, टेलिव्हिजन अशा वस्तू कशा घेतात याचा अभ्यास करून १९६३ साली पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे नावच 'द पुअर पे मोअर', म्हणजे गरीब जास्त मोजतात. रोख नसल्यामुळे उधारी देईल त्याच दुकानात जावे लागते, आणि तिथे हलक्या मालाला भारी किंमत पडते, हे त्याने दाखवून दिले. वॉशिंग्टनमध्ये वॉकर-थॉमस फर्निचर कंपनीविरुद्धचा विल्यम्स खटला तर प्रसिद्धच आहे. सात मुलांची आई, महिन्याला २१८ डॉलरची सरकारी मदत. तिने १९५७ पासून हप्त्याने वस्तू घेतल्या. करारात अशी मेख होती की शेवटच्या वस्तूची बाकी फिटेपर्यंत आधीची एकही वस्तू फिटली असे धरायचे नाही. १९६२ मध्ये तिने आणखी एक वस्तू घेतली, हप्ते थकले, आणि कंपनीने १९५७ पासूनच्या साऱ्याच वस्तूंवर हक्क सांगितला. १९६५ साली अपील न्यायालयाने म्हटले, की घेणाऱ्यापुढे खरी निवडच नसेल आणि अटी अवाजवी एकतर्फी असतील, तर असा करार अंमलात आणण्यास न्यायालय नकार देऊ शकते. सही करण्यापूर्वी कागद वाचा, हा धडा आपल्या विद्यार्थ्यांना यातून देता येईल.

मग घेताना काय पाहावे? कापड शेवटी पाहावे, आधी सांगाडा. सोफ्याचा पुढचा एक कोपरा वीतभर उचलावा. दुसरा पुढचा पाय लगेच वर आला तर सांगाडा घट्ट आहे; तो जमिनीलाच राहून सोफा पिळला तर माल कच्चा आहे. सोफा उलटा करायला लावावा आणि खालचे काळे कापड बाजूला करून आत पाहावे. भुशाची दाबलेली फळी असेल तर फरशी पुसतानाचे पाणी तिला पुरते. सागवान म्हटले तरी गाभ्याचे लाकूड पाहावे. बाहेरच्या पांढऱ्या भागाला कीड लागते. सांधा खाच पाडून बसवलेला आहे की नुसता खिळे-पिनांनी जोडलेला, ते विचारावे. फोमची 'डेन्सिटी' विचारावी. ३२ म्हणजे एक घनमीटर फोमचे वजन ३२ किलो. बसण्याच्या गादीला याहून कमी घेऊ नये. फोम कडक लागला म्हणजे तो टिकाऊ असतो, हा समज चुकीचा आहे. दुकानदार आत पाहू देत नसेल, तर तिथून निघावे.

आणि पुरेसे पैसे नसतील तर? तिसरी वाट आपल्या जिल्ह्यातच आहे. गावच्या सुताराकडून साधा लाकडी बाक किंवा दिवाण करून घ्यावा आणि त्यावर कापसाची गादी टाकावी. हा कापसाचा मुलूख आहे. गादी दबली तर उन्हात टाकता येते, पुन्हा पिंजून घेता येते, खोळ घरी शिवता येते. बाकाचा पाय हलला तर सुतार पाचर मारतो. यंदा बाक, पुढच्या वर्षी गादी, असे जमेल तसे घेता येते. जी वस्तू दुरुस्त होते, ती गरिबाची. जी फेकावीच लागते, ती गरिबाला परवडत नाही.

सर्वांत जास्त स्वस्त सोफे विकले जातात ते लग्नसराईत. मुलीच्या आंदणात सोफा, पलंग, कपाट मांडवात दिसले पाहिजे, म्हणून बाप कर्ज काढतो. सोफा दोन पावसाळ्यांत मोडतो, कर्ज मात्र टिकाऊ निघते. आपल्या कार्यकर्त्यांनी मंगल परिणयाच्या बैठकीत हा हिशेब वधूवरांच्या वडीलधाऱ्यांपुढे एकदा तरी मांडावा. द्यायचेच असेल तर ती रक्कम मुलीच्या नावाने बँकेत ठेवा, असे स्पष्ट सांगावे.

माझा तो सोफा भंगारात गेला. त्यानंतर मी गावातल्या सुताराकडून बाक करून घेतला. बांनी लाकडावर बोटे वाजवली, सांधे चाचपले, चारी पायांवर जोर देऊन पाहिला. मग मला विचारले, "सुताराचे पैसे देले का पुरे?" दिले म्हणालो. तेव्हा ते बसले, मांडी घालून, मधोमध.