भंगारात घालण्याआधी नंबर वाचा!

नगरच्या रणगाडा संग्रहालयात १९९४ पासून जुने रणगाडे जपले जातात. जुन्या लष्करी मोटारसायकलीचे नशीब तसे नसते. ती गोठ्यात गंजते आणि किलोच्या भावाने जाते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेसाठी बी.एस.ए. कंपनीने एम-२० ही गाडी बनवली, सुमारे १ लाख २६ हजार. ४९६ सी.सी.चे एकच सिलिंडर, वेग बेताचा, दुरुस्ती सोपी. निरोप्या शिपायांची ही गाडी.

अशी गाडी सापडली तर प्रथम इंजिन व चासीचे नंबर रॉकेलच्या फडक्याने पुसून वाचा. ग्राइंडर लावू नका. टाकीचा रंग हलक्या हाताने घासा. खाली 'सी'ने सुरू होणारा लष्करी नंबर निघू शकतो. क्रोमची चमक नको, रंग मॅटच हवा. साज म्हणजे मागे कॅनव्हासच्या दोन पिशव्या, हेडलाइटवर ब्लॅकआउटचे झाकण, धुळीच्या मुलखासाठी टाकीवर हवेची गाळणी. १९४२ साली जपानने मलाया घेतला, रबर आटले. म्हणून पुढच्या काही गाड्यांना मुठी कॅनव्हासच्या, फूटरेस्ट नुसत्या लोखंडी. ते मोडके समजून फेकू नका.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. पण चासी वा इंजिन बदललेले नसावे. म्हणून कागद शोधा, जाणत्या फिटरला दाखवा, मगच भाव करा.