छंद आणि मोल – लेखांक ५ : दुर्मिळ कार्ड साध्या कार्डांच्या जिवावर

नाणी आणि टपाल तिकिटे यांच्यानंतर या लेखमालेत आता संग्राह्य कार्डांकडे वळू. या छंदाबद्दलची सर्वांत रुळलेली समजूत अशी, की ज्या कार्डाच्या प्रती कमी ते महाग आणि ज्याच्या जास्त ते स्वस्त. ही समजूत अर्धीच खरी आहे, आणि या बाजारातल्या एका अतिशय गाजलेल्या विक्रीनेच ती खोटी पाडली आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये मिकी मँटल या बेसबॉलपटूचे टॉप्स कंपनीने १९५२ साली काढलेले एक कार्ड अमेरिकेत १ कोटी २६ लाख डॉलरना, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे शंभर कोटी रुपयांना लिलावात गेले. त्या संचात ४०७ कार्डे होती. ३११ ते ४०७ या क्रमांकांची शेवटची तुकडी हंगाम सरत आल्यावर बाजारात आली आणि बराच माल पडून राहिला. उरलेली खोकी १९६० मध्ये अटलांटिक समुद्रात बुडवली, अशी हकीकत टॉप्सच्या साय बर्गर यांनी पुढे सांगितली. इथपर्यंत ही गोष्ट दुर्मिळतेचीच वाटते. पण छपाईचा तपशील वेगळेच सांगतो. तावावर शंभर कार्डांची जागा होती आणि या तुकडीत क्रमांक होते ९७. मोकळ्या राहिलेल्या जागा भरण्यासाठी तीन कार्डे दोनदा घेतली गेली, त्यांतले एक मँटलचे. म्हणजे आपल्या तुकडीतल्या बहुतेक कार्डांच्या दुप्पट प्रमाणात ते छापले गेले. ते मँटलचे पहिले कार्डही नव्हे. पहिले बोमन कंपनीने १९५१ मध्येच काढले होते. तरीही मोठी बोली लागते ती टॉप्सच्याच कार्डावर.

यातून निघणारा निष्कर्ष असा : दुर्मिळता ही किमतीची अट आहे, कारण नव्हे. किंमत येते ती माणसांना एखादे कार्ड हवेसे वाटण्यातून, आणि ती ओढ निर्माण करतात त्याच संचातली साधी, स्वस्त, ढिगाने छापलेली कार्डे. मँटल मोठा खेळाडू होता म्हणून कार्ड महाग, एवढे म्हणून भागत नाही, कारण बोमनच्या कार्डावरचा माणूसही तोच आहे. फरक संचाचा आहे. टॉप्सचा १९५२ चा संच आकाराने मोठा होता, मागच्या बाजूला खेळाडूची आकडेवारी होती, आणि अमेरिकी मुलांच्या मनात बेसबॉल कार्ड म्हणजे काय याचा नमुना त्याने ठरवून दिला. ज्यांच्याकडे त्यातली पन्नास-शंभर साधी कार्डे होती, त्यांनाच आपल्याकडे कोणते नाही याची बोच लागली. पुढे हीच मुले मोठी होऊन कमावती झाली, तेव्हा त्या बोचेला पैशाचे बळ मिळाले.

संच कसा बनतो हे पाहायला पोकेमॉनचे उदाहरण जवळचे आहे, कारण आजचे तरुण पालक त्यावरच वाढले. जपानमध्ये १९९६ साली आलेला हा खेळ इंग्रजीत १९९९ मध्ये आला आणि त्याच्या पहिल्या संचात १०२ कार्डे होती. चॅरिझार्ड या आग ओकणाऱ्या प्राण्याचे कार्ड हातात घेतले तर उजव्या खालच्या कोपऱ्यात ४/१०२ हा क्रमांक दिसतो आणि त्याच्या शेजारी एक छोटा काळा तारा. वर्तुळ म्हणजे साधे कार्ड, चौकट म्हणजे कमी मिळणारे, तारा म्हणजे दुर्मिळ. चित्राच्या खाली डाव्या बाजूला पहिल्या आवृत्तीचा गोल शिक्का असेल, तर चित्राच्या चौकटीच्या उजव्या कडेला छापील सावली नसते. नंतरच्या मोठ्या छपाईत ती सावली आली. अकरा कार्डांच्या पाकिटात ताऱ्याचे कार्ड एकच असे. म्हणजे प्रत्येक पाकीट मुलाला एकाच वेळी दोन गोष्टी देत होते : हाताळायला, खेळायला, अदलाबदलीला पुष्कळ साधी कार्डे, आणि अजून काय मिळायचे बाकी आहे याची जाणीव.

आता किमती पाहा. पहिल्या आवृत्तीचे, दहापैकी दहा श्रेणीचे चॅरिझार्ड मार्च २०२२ मध्ये ४ लाख २० हजार डॉलरना विकले गेले. याच संचातले चॅन्सी हे चमकते कार्ड इतक्या निर्दोष अवस्थेत चॅरिझार्डपेक्षाही कमी सापडते, पण त्याची किंमत चॅरिझार्डच्या आसपासही पोहोचत नाही. मचॅम्पचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. ते कार्ड दोन खेळाडूंच्या सुरुवातीच्या डब्यात यायचे आणि नंतरच्या छपाईतही त्यावर पहिल्या आवृत्तीचा शिक्का तसाच राहिला. परिणामी ते अगदी सहज मिळते. शिक्का, तारा, चमक ही सगळी दुर्मिळतेची बाह्य लक्षणे आहेत. नुसत्या लक्षणांवर भाव ठरत नाही. चॅरिझार्डचा भाव ठरला तो शाळेच्या मधल्या सुट्टीत, जेव्हा एका कार्डासाठी मुले दहा-वीस कार्डे द्यायला तयार होती.

हीच गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच्या उदाहरणात अधिक ठळक दिसते. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉलपटूंची पाचशेहून अधिक वेगवेगळी कार्डे वाटली. या संचाला आज टी२०६ म्हणतात. हे नाव कंपनीचे नव्हे, जेफरसन बर्डिक या संग्राहकाचे. त्यांनी १९३९ पासून अमेरिकी कार्डांची पद्धतशीर यादी केली आणि आपला अफाट संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिला. यादी झाली तेव्हाच विखुरलेल्या कागदांचा संच झाला, आणि काय सापडत नाही हे सर्वांना एकाच वेळी कळू लागले. सापडत नव्हते ते होनस वॅग्नरचे कार्ड. त्याची छपाई मध्येच थांबली आणि आज सुमारे ५० ते ६० प्रतीच ज्ञात आहेत. त्यातली एक २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरना विकली गेली. पण याच संचात जो डॉयल या गोलंदाजाच्या संघाचे नाव चुकीचे छापलेले एक कार्ड आहे आणि त्याच्या प्रती वॅग्नरहून कितीतरी कमी, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. तरी ते वॅग्नरच्या बरोबरीला येत नाही. वॅग्नर प्रत्येकाला हवा असतो. डॉयल हवा असतो तो ज्याने बाकीचा संच जवळजवळ पुरा केला आहे त्यालाच.

इथे पहिला आक्षेप येतो. साधी कार्डे ढिगाने असली की किंमत येते, तर १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत छापलेल्या बेसबॉल कार्डांना भाव का नाही? तेव्हा टॉप्स, डॉनरस, फ्लिअर, स्कोअर, अपर डेक अशा सर्वांनी प्रचंड छपाई केली आणि आज त्यातली बहुतेक कार्डे रद्दीच्या भावाने जातात. आक्षेप योग्य आहे, आणि त्याने मूळ मुद्दा अधिक नेमका होतो. साधी कार्डे नुसती पसरून पुरत नाही, ती वापरली जाऊन झिजावीही लागतात. १९५२ ची कार्डे मुलांनी रबर लावून खिशात कोंबली, सायकलच्या चाकात अडकवली, घर आवरताना आयांनी फेकली. १९९० पर्यंत जुन्या कार्डांच्या किमती वर्तमानपत्रांत येऊ लागल्या होत्या, म्हणून प्रत्येकाने नवी कार्डे पहिल्या दिवसापासून प्लास्टिकच्या वेष्टनात जपली. जे सगळ्यांनीच गुंतवणूक म्हणून जपले, ते दुर्मिळ होण्याची शक्यताच उरली नाही.

दुसरा आक्षेप संचाबाहेरच्या कार्डांचा. १९९७-९८ मध्ये जपानच्या कोरोकोरो मासिकाच्या चित्रस्पर्धांत बक्षीस म्हणून दिलेले पिकाचू इलस्ट्रेटर कार्ड कोणत्याही पाकिटात कधीच नव्हते. विजेत्यांना त्याच्या ३९ प्रती दिल्या गेल्या, आणि २०२१ मध्ये एक प्रत ५२ लाख ७५ हजार डॉलरना गेली. यात साध्या कार्डांचा संबंध कुठे? संबंध असा, की जगभरच्या मुलांच्या खिशात लाखो साधे पिकाचू नसते, तर त्या ३९ प्रती कोणाला हव्या होत्या? याची उलट बाजूही पाहावी. आज खेळांच्या कार्डांत जगात एकच प्रत असलेली कार्डे सर्रास निघतात. छपाईच्या धातूच्या पट्ट्याही पाकिटात घालतात. अप्रसिद्ध खेळाडूची अशी एकुलती एक पट्टी थोड्याशा डॉलरना मिळते. एक ही संख्या स्वतःहून काहीच मोल निर्माण करत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : कंपनी हवी तेव्हा छपाई वाढवते किंवा रोखते, मग किंमत तिच्याच हातात नाही का? मॅजिक : द गॅदरिंग या खेळाचा इतिहास याचे उत्तर देतो. १९९३ च्या पहिल्या अल्फा आवृत्तीत प्रत्येक दुर्मिळ कार्डाच्या सुमारे अकराशेच प्रती होत्या. मागणी वाढली तशी विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने पुढच्या आवृत्त्या कितीतरी मोठ्या काढल्या आणि १९९५ मध्ये क्रॉनिकल्स नावाच्या संचात जुनी कार्डे पुन्हा छापली. संग्राहक चिडले. १९९६ मध्ये कंपनीने काही कार्डे पुन्हा न छापण्याची यादीच जाहीर केली. म्हणजे कंपनीच्या हातात पुरवठा आहे, हे खरे. पण २०२२ मध्ये खेळाच्या तिसाव्या वर्षानिमित्त चार पाकिटांचा संच ९९९ डॉलरना विकायला काढला, तेव्हा खेळाडूंनी त्यावर कडाडून टीका केली. त्या कार्डांची मागची बाजू वेगळी होती आणि ती अधिकृत स्पर्धांत चालत नव्हती. खेळता न येणारी, बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची टंचाई कंपनी छापू शकते. तिच्याभोवती वर्षानुवर्षे खेळणारी माणसे छापू शकत नाही.

कोणी म्हणेल, हे सारे हवेतले भाव आहेत. २०२०-२१ मध्ये लोक घरात अडकले असताना या बाजारात इतकी गर्दी झाली, की श्रेणी ठरवणाऱ्या पीएसए या संस्थेने मार्च २०२१ मध्ये बहुतेक नवी कामे घेणे थांबवले, आणि पुढे अनेक किमती झपाट्याने उतरल्या. चढउतार आहेतच, आणि उधार पैशाने कार्डे घेणाऱ्याने ते विसरू नये. पण लाट ओसरल्यावरही चॅरिझार्ड चॅन्सीच्या वर आणि वॅग्नर डॉयलच्या वरच राहिला. लाट आकडे बदलते, क्रम नाही. आणि क्रम ठरतो पिढीच्या सामायिक आठवणींवर.

म्हणून कोणतेही कार्ड घेण्याआधी किती प्रती आहेत याच्याही आधी विचारायचे प्रश्न हे : हा संच किती जणांनी खरोखर हाताळला? त्याची विश्वासार्ह यादी आहे का? आणि चांगल्या अवस्थेत किती उरले? आपल्याकडे गल्लीतल्या दुकानांत सोनेरी मुलाम्याची नकली पोकेमॉन कार्डे स्वस्तात मिळतात. त्या पाकिटातले प्रत्येक कार्ड चमकते, साधे असे एकही नसते, आणि संचाच्या अधिकृत यादीत त्यांना जागा नाही. मुलांनी त्यांच्याशी आनंदाने खेळावे, पण पालकांनी ती ठेव समजू नये. मूल खऱ्या पाकिटातली साधी कार्डे मित्रांशी बदलत असेल, तर त्याला अडवू नये आणि कार्डे कपाटात कुलूपबंदही करू नयेत. ती खेळून झिजली तरी वाया जात नाहीत. या छंदात जे काही मोल आहे, ते तशाच खेळण्यातून आले आहे. चांगली अवस्था म्हणजे नेमके काय, ती कोण ठरवते आणि त्या निवाड्यावर किती विसंबावे, हे पुढच्या लेखात पाहू.