शरद पवारांचे ऋण आणि उधारी

आमचे घराणे दरबारी गवयांचे. गाणे घरात आणि राजकारण उंबऱ्याबाहेर, अशी वडिलांची शिस्त होती. कोल्हापूरहून गाण्याच्या शिकवणीसाठी येळ्ळूरला जाऊ लागलो, तेव्हा ती सैल झाली. तिथे पेटी मिटली की वडीलधारी मंडळी १९८६ सालच्या गोष्टी काढीत.

कन्नडसक्तीविरुद्ध त्या वर्षी आंदोलन झाले. नाकेबंदी चुकवून, वेषांतर करून शरद पवार बेळगावात शिरले, सत्याग्रह केला आणि लाठ्या खाल्ल्या. १९७८ साली मुख्यमंत्री झालेला माणूस आपल्यासाठी मार खातो, हे पाहून आपणही घराबाहेर पडलो, असे ही मंडळी सांगत. ऐकता ऐकता मीही सभांना जाऊ लागलो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पवारांनी बारामतीत यापुढे निवडणूक न लढविण्याचे सूतोवाच केले. १९६७ पासूनच्या या आमदारकी-खासदारकीचा हिशेब मांडताना ऋणाबरोबर उधारीही लिहिली पाहिजे. महाराष्ट्राने सीमाभागासाठी २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. त्याच वर्षापासून २०१४ पर्यंत पवार केंद्रात मंत्री होते. परंतु तडजोडीचा मार्ग काही निघाला नाही. जुलै २०१४ मध्ये ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेला येळ्ळूरचा फलक हटविला गेला, तेव्हा ग्रामस्थांना पुन्हा लाठ्याच मिळाल्या.

तरीही एक गोष्ट खरी. राजकारण हे आपलेही काम आहे, हे माझ्यासारख्या सूर-तालात रमलेल्या माणसाला या एका सत्याग्रहाने पटविले. प्रश्न मात्र जिथल्या तिथे आहे.