हवेचा हात, मोटरची बोटे

धाकट्याच्या मनगटाचे प्लास्टर निघाले, पण बोटांत अजून जोर आला नव्हता. त्याच्या आवडत्या लेगोच्या क्रेनचा खटका त्याला वळवता येईना. दोन दिवस धडपडला आणि म्हणाला, "अब्बू, ही आता आपालाच देऊन टाका." ते ऐकून आम्हा सगळ्यांनाच वाईट वाटले. खटका वळवायला मोटर लावायची, असे आम्ही ठरवले.

लेगो ही डेन्मार्कची कंपनी. हवेच्या दाबावर हलणारे तिचे भाग १९८४ पासून निघाले. त्यांची रचना समजायला सोपी आहे. पंपाने दाबलेली हवा नळीतून व्हॉल्व्हच्या मधल्या तोंडात येते. खटका एका बाजूला वळवला की ती सिलिंडरच्या खालच्या भागात शिरते, दांडा बाहेर सरकतो आणि क्रेनचा हात उचलला जातो. वरच्या भागातली हवा त्याच वेळी बाहेर सुटते. खटका उलट वळवला की हात खाली येतो. मध्यावर ठेवला की दोन्ही वाटा बंद होतात आणि हात आहे तिथेच थांबतो.

"म्हणजे ओझे हवाच उचलणार. मोटरने फक्त खटका वळवायचा," थोरली म्हणाली. सगळी मेख यातच होती.

आम्ही आधी मोटर सरळ खटक्याला जोडली. खटका टोकाला पोचला तरी मोटर रेटतच राहिली आणि जोडणी उखडली. मग मध्ये मळसूत्री गिअर घातला. वेग कमी झाला, पण जोर उलट वाढला. शेवटी क्लचचा गिअर बसवला. ठरावीक जोरापलीकडे तो आतल्या आत घसरतो, त्यामुळे मोडतोड थांबली. तरीही खटका नेमका मध्यावर थांबेना, आणि क्रेनचा हात कधी वर तर कधी खाली जाऊन आदळे.

त्यावर उपाय निघाला सर्व्हो मोटरचा. रिमोटचा खटका सोडला की ही मोटर आपोआप मध्यावर परतते. तिचे वळण व्हॉल्व्हला लागते त्याहून मोठे असते, म्हणून मोटरकडे लहान आणि व्हॉल्व्हकडे मोठा गिअर लावला. पंपालाही एक वेगळी मोटर दिली. ती सतत चालली की दाब वाढून नळी फटकन निसटे, म्हणून ती थांबवत थांबवत चालवायची, असे ठरले.

हे भाग महाग असतात. पण हवेचा खेळ समजून घ्यायला सुया काढलेल्या दोन नव्या सिरिंज आणि एक बारीक नळी पुरे. एक दांडा दाबा, दुसरा बाहेर येतो.

त्या रात्री दस्तरखान अंथरला तरी धाकटा उठेना. त्याच दुखऱ्या हाताच्या अंगठ्याने तो रिमोट हलवत होता आणि क्रेन एक एक ठोकळा उचलत होती. अम्मीने तीनदा हाक मारली. त्या दिवशी मात्र त्याला कोणी रागावले नाही.