सायंकाळची विद्या : नोकरी सांभाळून संगणकशास्त्राची पदवी

दिवसा श्रम आणि सायंकाळी अध्ययन ही कल्पना संगणकापेक्षा पुष्कळच जुनी आहे. लंडनमध्ये १८२३ साली जॉर्ज बर्कबेक यांच्या पुढाकाराने कारागिरांसाठी एक संस्था सुरू झाली. कारखान्यातून सुटलेला माणूस तेथे संध्याकाळी विज्ञानाची व्याख्याने ऐकू शकत असे. १८३० पासून स्त्रियांनाही तेथे प्रवेश मिळू लागला. महाराष्ट्रात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात आपल्या घरी शेतकरी व मजूर स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा उघडली. दोन्ही प्रयत्नांच्या मुळाशी एकच जाणीव होती : ज्याला पोटासाठी दिवस विकावा लागतो, त्याच्या वाट्याला निदान संध्याकाळ तरी विद्येसाठी यावी.

लंडनची ती संस्था पुढे बर्कबेक कॉलेज म्हणून प्रसिद्ध झाली, आणि संगणकाच्या इतिहासाशी तिचे नाते अनपेक्षित रीतीने जुळले. दुसऱ्या महायुद्धानंतर अँड्र्यू बूथ व कॅथलीन बूथ यांनी तेथे प्रारंभीचे संगणक तयार केले. बूथ यांच्या आराखड्यावर आधारलेला ‘हेक-२एम’ हा संगणक १९५० च्या दशकाच्या मध्यास कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आला. तोच भारतातील पहिला अंकीय संगणक होय. म्हणजे या देशातील संगणकयुगाच्या आरंभाचा एक धागा सायंवर्गांच्या महाविद्यालयापर्यंत जाऊन पोहोचतो.

बंगळूरमध्ये सायंवर्गांची गरज प्रथम निर्माण केली ती कारखान्यांनी. हिंदुस्थान एअरक्राफ्ट (१९४०), इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज (१९४८), हिंदुस्थान मशीन टूल्स (१९५३) आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स (१९५४) या उद्योगांनी हजारो पदविकाधारक तंत्रज्ञांना काम दिले. पदविका हाती असलेला तरुण यंत्रावर निष्णात होई. परंतु अभियंत्याच्या पदाची पायरी चढताना पदवी आडवी येई. बी. एम. एस. यांच्या नावाने चालणाऱ्या सायं अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थांनी अशांसाठी अर्धवेळ पदवीची वाट मोकळी केली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ मध्ये या शहरात आपले केंद्र उघडले. त्यानंतरच्या दशकांत कारखान्यांचे शहर संगणकाचे शहर झाले आणि सायंवर्गातील विद्यार्थ्याची ओढही यंत्र अभियांत्रिकीकडून संगणकशास्त्राकडे वळली.

हेब्बाळ हे या परिवर्तनाचे चांगले उदाहरण आहे. शहराच्या उत्तरेकडील हे गाव एके काळी तलाव आणि कृषी महाविद्यालय यांसाठी ओळखले जाई. आज बल्लारी रस्ता आणि बाह्य वर्तुळाकार मार्ग येथे एकमेकांस मिळतात. जवळच मान्यता टेक पार्कच्या इमारती आहेत. मराठी वाचकाला परिचित असलेले किर्लोस्कर हे नावही येथील एका व्यवसाय-संकुलावर आढळते. २००८ मध्ये देवनहळ्ळीचा विमानतळ सुरू झाल्यापासून या रस्त्यावरील वर्दळ अधिकच वाढली. हेब्बाळला नोकरी आणि शहराच्या दक्षिण भागात वर्ग, अशी स्थिती असेल तर अंतर किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही. ते मिनिटांत मोजावे लागते. सायंकाळी सहाच्या वर्गाचा पहिला तास चुकणे हे अशा विद्यार्थ्याचे आळस नव्हे, ते शहराच्या भूगोलाचे फळ असते.

आता वेळेचा हिशेब पाहू. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात अभियांत्रिकी पदवीसाठी १६० श्रेयांक धरले आहेत. म्हणजे एका सत्रास साधारण २०. व्याख्यानाचा आठवड्यातील एक तास म्हणजे एक श्रेयांक. प्रयोगशाळेत मात्र एका श्रेयांकासाठी दोन तास द्यावे लागतात. २० पैकी चार श्रेयांक प्रयोगाचे मानले, तर १६ तास व्याख्याने आणि ८ तास प्रयोग मिळून आठवड्याचे २४ तास होतात. सोमवार ते शुक्रवार रोज सायंकाळी तीन तास वर्ग भरले तरी त्यांची बेरीज १५ होते. उरलेले नऊ तास शनिवार-रविवारातून काढावे लागतात, आणि घरचा अभ्यास त्याहून वेगळा. म्हणून सायंवर्गाची पदवी एक तर अधिक वर्षे घेते, नाही तर कुटुंबाच्या वाट्याचा वेळ घेते. प्रवेशापूर्वी हा हिशेब घरातील सर्वांनी मिळून मांडणे हिताचे ठरते.

एवढे कष्ट कशासाठी, असा प्रश्न साहजिक आहे. आज्ञावली लिहिण्याचे काम कचेरीतही शिकता येते, हे खरे. पण कचेरी सहसा हातातील काम शिकवते; त्यामागील कारण शोधण्यास तेथे क्वचितच उसंत मिळते. एक साधे उदाहरण घेऊ. अकारविल्हे लावलेल्या दहा लाख नावांच्या यादीत एक नाव शोधायचे आहे. आरंभापासून एकेक नाव तपासत गेल्यास दहा लाख तुलना कराव्या लागण्याचा संभव आहे. त्याऐवजी यादीच्या मध्यावरचे नाव पाहिले, हवे असलेले नाव कोणत्या अर्ध्या भागात पडते हे ठरवले आणि उरलेला अर्धा भाग सोडून दिला, असे करीत गेल्यास अधिकात अधिक २० तुलनांत काम संपते. कारण दोनाचा विसावा घात दहा लाखांहून मोठा आहे. या युक्तीमागील गणित, तिच्या मर्यादा आणि तिचे खर्च पदवीचा अभ्यासक्रम शिकवतो. नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याची शाळेतील गणिताशी ताटातूट झालेली असते, म्हणून पहिली सत्रे त्याला जड जातात. परंतु मंद चालणारी यंत्रणा त्याने कामावर प्रत्यक्ष पाहिलेली असते. त्यामुळे सिद्धांताचा अर्थ त्याला लवकर उमगतो.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मान्यतेचा आहे. काही अभिमत विद्यापीठांनी आवश्यक मंजुरीवाचून दूरस्थ पद्धतीने अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ रोजी त्यांविषयी निर्णय दिला. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित करून त्यांना पुन्हा परीक्षेची संधी देण्यात आली. नंतरच्या पदव्या रद्द झाल्या. नोकरी सांभाळून वर्षानुवर्षे अभ्यास केलेल्या अनेकांची बढती त्यामुळे धोक्यात आली. प्रत्यक्ष वर्गात बसून घेतलेली सायंकाळची पदवी आणि दूरस्थ पदवी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. जाहिरातीतील ‘मान्यताप्राप्त’ या शब्दावर विसंबू नये. कोणत्या वर्षासाठी, कोणत्या अभ्यासक्रमास आणि कोणत्या पद्धतीस मान्यता आहे, ही तीन उत्तरे परिषदेच्या व विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत स्वतः पाहावीत.

वाटा मात्र आज पूर्वीपेक्षा अधिक आहेत. तंत्रशिक्षण परिषदेने २०२३ पासून नोकरदारांसाठी सोयीच्या वेळी वर्ग भरवण्याची मुभा मान्यताप्राप्त महाविद्यालयांना दिली. १९८५ मध्ये स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ संगणक अनुप्रयोगाच्या पदव्या देते. मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने २०२० मध्ये विदाविज्ञानाचा अभ्यासक्रम सुरू केला. त्याचे पाठ घरबसल्या पाहता येतात, परीक्षेला मात्र केंद्रावर जावे लागते. या वाटांनी प्रवासाचा शीण वाचतो. पण सहाध्यायांची सोबत आणि समोर उभ्या शिक्षकाला तत्क्षणी शंका विचारण्याची सोय त्या प्रमाणात उणी होते. ज्याचा कामाचा दिवस लांब आणि शहर विस्तीर्ण, त्याने यांतील कोणता तोटा आपल्याला पेलेल हे पाहून निवड करावी.