तिसऱ्या गुन्ह्याचं वजन

बेसबॉलमध्ये तीन ‘स्ट्राइक’ झाले की फलंदाज बाद. खेळातला हा हिशेब अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने १९९४ साली फौजदारी कायद्यात आणला. आदल्या वर्षी पॉली क्लास या १२ वर्षांच्या मुलीचा खून झाला होता; खुनी पॅरोलवर सुटलेला सराईत गुन्हेगार. लोकांचा संताप रास्तच होता.

कायदा सांगत होता : पूर्वी दोन गंभीर वा हिंसक गुन्हे सिद्ध झाले असतील, तर तिसऱ्याला किमान २५ वर्षे ते जन्मठेप. मग एकाने तीन गोल्फच्या काठ्या चोरल्या, जन्मठेप. दुसऱ्याने दोन दुकानांतून सुमारे दीडशे डॉलरच्या नऊ व्हिडिओ कॅसेट उचलल्या. प्रत्येक चोरीची २५ धरून ५० वर्षे ते जन्मठेप. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी दोन्ही शिक्षा कायम केल्या.

पॉलीच्या आजोबांनीही या कायद्याला विरोध केला होता. २००४ चा सुधारणेचा प्रस्ताव मतदारांनी नाकारला. २०१२ मध्ये मात्र स्वीकारला. आता जन्मठेपेसाठी तिसरा गुन्हाही, काही अपवाद सोडता, गंभीर वा हिंसक लागतो. जुन्या कैद्यांनाही फेरविचार मागता आला. धोकादायक वाटणाऱ्याला नकार देण्याचा अधिकार न्यायाधीशांकडे राहिला.

मी बी. ए. झालेला कवी, वकील नव्हे. पण शब्द तोलून वापरावा लागतो, एवढं कळतं. शिक्षाही तोलावीच लागते. नुसते गुन्हे मोजणं म्हणजे न्याय नव्हे.